तिरक्या कोनात फळ्या जोडताना: सुट्या टेननचा सांधा आणि सहा बाजूंचा स्टूल

काटकोनात दोन फळ्या जोडायच्या असतील तर दहा उपाय आहेत. षटकोनी स्टूल, अष्टकोनी आरशाची चौकट, वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी पेटी असं काही करायला घेतलं की त्यातले बरेचसे बाद होतात. नेहमीचा टेनन, म्हणजे समोरच्या फळीच्या खाचेत बसणारी चपटी जीभ, ज्याला जुने सुतार कुसू म्हणतात, तो फळीच्याच टोकातून तासून काढायचा असतो. कोन तिरका असला की त्याचे खांदे तिरके, गाल तिरके, आणि करवत धरायला एकही सरळ बाजू उरत नाही. खिळे किंवा स्क्रू तिरक्या कडेत घसरतात. नुसता फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळला तर फळ्या एकमेकींवरून सरकतात आणि सकाळी पाहावं तर एक कड दोन मिलिमीटर वर.

सुट्या टेननने ही अडचण जाते. दोन्ही फळ्यांत खाच पाडायची आणि वेगळ्या लाकडाची चपटी पट्टी दोन्हींत अर्धी-अर्धी बसवायची. सगळा कोन फळीच्या कापात जातो. खाच त्या कापाला काटकोनात पडते आणि टेनन सरळच राहतो. कोन ३० अंश असो, २२.५ असो किंवा कॅल्क्युलेटरवर काढलेला ४४.१४ असो, टेननला त्याचं काही देणंघेणं नसतं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

पद्धत फार जुनी आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे समुद्रतळाशी सापडलेलं जहाज इ.स.पू. १४ व्या शतकातलं. त्याच्या देवदाराच्या फळ्या ओकच्या सुट्या टेननने जोडून वर खुंट्या ठोकलेल्या होत्या. जहाजाच्या पोटाला गोलाई असते, त्यामुळे तिथे प्रत्येक फळी शेजारणीला थोड्या वेगळ्या कोनात भेटते. म्हणजे आपला प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

आधी सांधा कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

तिरके सांधे दोन जातींचे. पहिल्यात फळीची लांब कड तिरकी कापलेली असते आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषा सांध्याच्या समांतर धावतात, जसं उभ्या फळ्यांच्या षटकोनी पेटीत. इथे गोंद रेषांच्या बाजूला बसतो आणि सांधा गोंदावरच लाकडाइतका मजबूत होतो. टेननचं काम फळ्या जागेवर धरणं, सरकू न देणं. दुसऱ्यात फळीचं टोक तिरकं कापलेलं असतं, जसं आरशाच्या चौकटीत. टोकाकडचे रेषांचे तोंड गोंद पिऊन टाकतात, त्यामुळे गोंद एकटा टिकत नाही आणि सगळा भार टेननवर येतो. पहिल्या जातीत टेनन लहान चालतो, दुसऱ्यात जागा देईल तितका रुंद आणि खोल हवा.

हे न ओळखता सगळीकडे सारखेच टेनन ठोकणारे पुष्कळ दिसतात. पेटीला गरज नसताना प्रत्येक कडेला सात-आठ, आणि चौकटीला एक बारीकसा.

उदाहरण: सहा बाजूंचा स्टूल

सागवानाच्या सहा फळ्या, रंधून २० मिमी जाड, ४२० मिमी उंच, बाहेरून २०० मिमी रुंद. रेषा उभ्या. २०० मिमी रुंदीची एकसंध सागवान फळी महाग पडते, त्यामुळे १०० च्या दोन जोडून घेतल्या तरी चालतं. तयार षटकोन सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत साधारण ३४६ मिमी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४०० मिमी होतो. बसायला पुरेसा.

बाजूंच्या संख्येने १८० ला भागलं की प्रत्येक कडेचा काप मिळतो: सहा बाजूंना ३० अंश, आठ बाजूंना २२.५, पाच बाजूंना ३६. सहा बाजूंच्या कामात असे बारा काप आहेत. प्रत्येकात पाव अंश चुकला तर शेवटच्या सांध्यापाशी तीन अंशांची फट उभी राहते, आणि ती कुठलाही क्लॅम्प प्रामाणिकपणे बंद करत नाही.

म्हणून टेबल सॉवरच्या आकड्यांवर विसंबू नका. पाती तिरकी करून आधी रद्दी लाकडाचे तीन तुकडे दोन्ही कडांना कापा. ते कागदी टेपने जोडून अर्धा षटकोन करा आणि त्याच्या मोकळ्या दोन कडा सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर टेकवा. दोन्ही कडा पूर्ण टेकल्या तर काप बरोबर. कडेची आतली धार टेकली आणि बाहेरून उजेड दिसला, तर कोन कमी पडतोय. बाहेरची धार टेकली आणि आत फट असेल तर कोन जास्त झाला. अगदी बारीक फरक उरणारच असेल तर तो जास्तीच्या बाजूला राहू द्या. फट आत जाते आणि बाहेरची धार घट्ट मिटते. अर्ध्या षटकोनात सहा काप एकत्र आल्यामुळे चूक सहापट दिसते. एका कापाला गुण्या लावून इतकं बारीक कधीच कळत नाही.

टेबल सॉ नसेल तर वखारीजवळच्या कारखान्यात काप मारून घ्या, पण थोडा जास्तीचा माल ठेवून. मग घरी ३० अंशांच्या लाकडी पाचरीवर फळी टेकवून रंध्याने अंतिम माप काढा.

कापल्यावर प्रत्येक फळीच्या बाहेरच्या अंगाला खडूने मोठी खूण करा, खालचं टोक दाखवा, आणि १ ते ६ आकडे घाला. पुढची सगळी मापं बाहेरच्या अंगावरून आणि खालच्या टोकावरूनच घ्यायची. फळीची जाडी कुठे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर तो फरक आतल्या बाजूला जाईल, जिथे कोणी हात फिरवत नाही.

खाच कुठे पाडायची

२० मिमीची फळी ३० अंशांत कापली की तिरकी कड सुमारे २३ मिमी रुंद होते. सवयीने हात तिच्या मधोमध जातो. ६ मिमी जाडीची, १५ मिमी खोल खाच मधोमध पाडली, तर तिचा तळ फळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो. कारण खाच तिरक्या कडेला काटकोनात जाते, म्हणजे फळीच्या आत ती बाहेरच्या अंगाकडे कलत जाते. १५ मिमी आत जाताना ती साडेसात मिमी बाहेर सरकलेली असते. पॉलिश पेपरचे चार हात फिरवले की स्टूलच्या बाहेर भोक दिसेल.

उपाय साधा आहे. खाचेचा मध्य कडेच्या आतल्या धारेपासून ७ मिमीवर घ्या, म्हणजे बाहेरच्या धारेपासून १६ मिमीवर. आता तळाशी बाहेरच्या बाजूला जवळपास पावणेचार मिमी लाकूड उरतं आणि तोंडाशी आतल्या बाजूला साडेतीन. दोन्हीकडे पुरेसं.

प्रत्येक वेळी हे कागदावर पूर्ण मापात काढून पाहा. फळीचा छेद, तिरका काप, काटकोनात खाच. दोन मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा विश्वासू. जाडी १८ मिमी असेल किंवा काप ४५ अंशांचा असेल तर जागा आणि खोली बदलते, ते चित्रातच दिसतं. टेननची जाडी फळीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी हा ढोबळ नियम बरोबर आहे, पण तिरक्या कामात खोलीवर मर्यादा आधी येते, जाडीवर नंतर.

फेस्टूल कंपनीचं डोमिनो, म्हणजे सुट्या टेननच्या खाचा पाडणारं यंत्र, ज्यांच्याकडे आहे त्यांनी इथे ६×४० चा (६ मिमी जाड, ४० मिमी लांब) टेनन घेऊ नये. त्याला दोन्हीकडे २० मिमी खोली लागते आणि बाहेर जेमतेम सव्वा मिमी लाकूड उरतं. ५×३० चा टेनन आणि १५ मिमी खोली, हे जमतं. हे यंत्र सुंदर आहे, फेन्स, म्हणजे फळीला टेकणारी पट्टी, तिरकी करून खाच काही सेकंदांत पाडतं, पण किंमत अशी की हौशी माणसाने दोनदा विचार करावा. साध्या राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याने खाच कोरणाऱ्या यंत्राने, तेच काम होतं, फक्त एक जिग, म्हणजे त्याला वाट दाखवणारा साचा, करावा लागतो.

जिग

१२ मिमी प्लायचा, हाताएवढा तुकडा घ्या. हा तळ. त्यात राउटरच्या गाइड बुशसाठी (बिट, म्हणजे फिरतं पातं, त्याच्याभोवतीची फटीतून सरकणारी कडी) आरपार फट पाडा. बुश बाहेरून १२ मिमी, बिट ६ मिमी आणि खाच ३० मिमी लांब हवी असेल, तर फट १२ मिमी रुंद आणि ३६ मिमी लांब. तळाच्या खाली एक फेन्स लावायची, ती तळाशी ६० अंशांचा कोन करेल अशी, मागे पाचरीचा आधार देऊन. तळ तिरक्या कडेवर ठेवला की फेन्स फळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटली पाहिजे. तळ आणि फेन्स जिथे मिळतात त्या कोपऱ्यापासून फटीचा मध्य १६ मिमी.

फेन्स निदान १०० मिमी उंच ठेवा. टेकायला कड फक्त २३ मिमीची आहे, तेवढ्यावर राउटर डुलतो. जिगला खरा आधार फेन्सचा असतो, म्हणून ती दर वेळी फळीला क्लॅम्पने आवळायची. फळी शिकंज्यात अशी धरा की तिरकी कड वर, आडवी सपाट येईल, म्हणजे फळी उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली.

प्रत्येक कडेला तीन खाचा, मध्य खालून ७०, २१० आणि ३५० मिमीवर. सहा सांधे, अठरा टेनन, छत्तीस खाचा. दोन फळ्या बाहेरचं अंग वर करून कडेला कड लावून ठेवा आणि एकाच वेळी दोन्हींवर पेन्सिलीची रेघ ओढा. जिगवर फटीच्या बरोबर मध्यावर रेघ असतेच, ती या रेघेशी जुळवायची.

इथे एक छुपा खड्डा आहे. एका फळीची उजवी कड वर धरली की तिचं खालचं टोक तुमच्या उजवीकडे येतं. शेजारच्या फळीची डावी कड वर धरली की खालचं टोक डावीकडे. जिग मात्र दोन्ही वेळा त्याच दिशेने बसतो. जिगवरची मधली रेघ फटीच्या मध्यापासून अर्धा मिमी चुकलेली असेल, तर दोन फळ्यांतल्या खाचा एकमेकींपासून पूर्ण एक मिमी सरकतात. म्हणून सगळ्या उजव्या कडांच्या खाचा नेमक्या मापाच्या ठेवा आणि सगळ्या डाव्या कडांच्या दोन मिमी लांब करा. लांबीच्या दिशेला ढिलाई चालते. जाडीच्या दिशेला अजिबात नाही, कारण फळ्या एका पातळीत धरण्याचं काम जाडीच करते.

राउटर एका दमात १५ मिमी खाली ढकलू नका. तीन ते चार मिमीचे थर घ्या, मध्ये व्हॅक्यूमने भुसा काढा. वरच्या दिशेने कापणारं (अपकट) स्पायरल बिट असेल तर भुसा वर येतो आणि खाचेच्या भिंती स्वच्छ राहतात. सागवानाचा बारीक भुसा नाकाला आणि कातडीला चावतो, म्हणून मास्क आणि चष्मा हवाच.

राउटर नसेल तर? त्याच ६० अंशांच्या फेन्सला फटीऐवजी कडक लाकडाचा ठोकळा लावा, त्यात काटकोनात ६ मिमीची भोकं पाडा आणि ड्रिल त्यातून घाला. भोकांमधलं लाकूड ६ मिमीच्या पटाशीने साफ करायचं. वेळ लागतो, पण छत्तीस खाचा एका रविवारी होऊन जातात.

टेनन

आधी खाच, मग टेनन, हा क्रम उलटा करू नका. राउटरचं बिट ६ मिमीचं आहे की पाव इंची, म्हणजे ६.३५, हे पाकिटावर पाहिलं तरी खरी जाडी खाचच सांगते. सरळ रेषांच्या कडक लाकडाची, सागवान किंवा शिसमच्या उरलेल्या तुकड्याची ७०० मिमी लांब पट्टी घ्या. ती रंधत जा आणि दर थोड्या वेळाने खाचेत घालून पाहा. बोटाने दाबून आत जावी, उलटी धरली तर आपोआप पडू नये. हातोडी लागली तर जाड आहे. गोंदाच्या पाण्याने ती आणखी फुगते आणि मग अर्ध्यावर अडकते.

टेननची लांबी रेषांच्या दिशेला हवी, म्हणजे रेषा सांधा ओलांडून एका फळीतून दुसरीत जातात. आडव्या रेषांचा टेनन बिस्किटासारखा तुटतो. प्लायच्या पट्ट्या कापून टेनन करणारे आहेत, पण त्यातले निम्मे थर आडवे असतात. चौकटीच्या सांध्याला मी त्या वापरणार नाही.

पट्टी २८ मिमी रुंद ठेवा आणि तिच्या कडा कानशीने गोल करा, खाचेच्या टोकांना बसतील अशा. नंतर २८ मिमी लांबीचे तुकडे कापा. दोन खाचा मिळून खोली ३० मिमी आहे, उरलेले दोन मिमी गोंदाला आणि हवेला. प्रत्येक तुकड्याच्या सपाट अंगावर करवतीची एक उथळ रेघ लांबीच्या दिशेने ओढा. तळाशी कोंडलेला गोंद त्यातून परत येतो. ही वाट नसेल तर क्लॅम्पच्या दाबाने तो बाहेरची पावणेचार मिमीची भिंत फोडू शकतो.

चिकटवणं

बिनटेननच्या पेटीला लोक एक युक्ती वापरतात: सगळ्या फळ्या ओळीने पालथ्या ठेवायच्या, बाहेरून टेप लावायचा, उलटवून गोंद भरायचा आणि गुंडाळायचं. टेनन असताना ती विसरा. गुंडाळताना फळी बाहेरच्या धारेभोवती वळते, आणि टेननला मात्र कडेला काटकोनात, सरळ आत जायचं असतं. तो तोंडाशीच अडतो.

सहाच्या सहा फळ्या एकाच वेळी जोडायचा प्रयत्नही करू नका. एक, दोन, तीन जोडा. चार, पाच, सहा वेगळ्या जोडा. असे दोन अर्धे षटकोन होतात, आणि इथे भूमिती आपल्या बाजूने उभी राहते. अर्ध्या षटकोनाच्या दोन्ही मोकळ्या कडा एकाच पातळीत असतात, त्यामुळे त्यांतले सहाही टेनन एकमेकांना समांतर उभे राहतात. दुसरा अर्धा भाग त्यावर सरळ खाली बसवता येतो. बाजूंची संख्या सम असेल तिथे, म्हणजे चार, सहा, आठ, हे जमतं. पाच किंवा सात बाजूंना जमत नाही. तिथे टेनन थोडे ढिले ठेवून सगळं एकाच वेळी, मदतीला दुसरा माणूस घेऊन बसवावं लागतं. म्हणून पंचकोनापासून सुरुवात करू नये असं माझं मत.

आधी सगळं कोरडं जोडून पाहा. मग सागवानाच्या कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. त्याच्या अंगातलं तेल गोंदाला नीट धरू देत नाही. पुसल्यावर फार वेळ न घालवता फेव्हिकॉल लावा. स्टूल ओल्या जागी, बाल्कनीत राहणार असेल तर पाणी सोसणारा फेव्हिकॉल मरीन. खाचेच्या भिंतींना बारीक ब्रशने, कडेला पातळ आणि सारखा, टेननला अगदी थोडा.

अर्धा षटकोन आवळायला सरळ क्लॅम्प लागत नाही, तो तिरक्या अंगावरून घसरतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना फळीवर ६० अंशांच्या पाचरी टेपने किंवा कागद मधे घालून हलक्या गोंदाने लावा. पाचरींची बाहेरची तोंडं एकमेकांना समांतर येतात आणि साधा जी-क्लॅम्प त्यांवर बसतो. पूर्ण षटकोनाला पट्ट्याचा क्लॅम्प उत्तम. तो नसेल तर सायकलची जुनी ट्यूब लांब कापून तीन ठिकाणी ताणून गुंडाळा. दाब सगळ्या कोपऱ्यांवर सारखा येतो.

दोन अर्धे भाग रात्रभर वाळू द्या. मग त्यांच्या मोकळ्या कडा सपाट काचेवर टेकवून तपासा. कुठे केसाएवढी फट असेल तर काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही कडा एकदम घासा. अर्धा मिमीपर्यंत घासलं तरी खाचेच्या तळाशी ठेवलेली दोन मिमीची मोकळीक ते सामावून घेते. टेनन मात्र तोवर बसवलेले नकोत. शेवटची जोडणी यानंतर.

वरची पाट १२ ते २० मिमी बाहेर काढलेली षटकोनी. ती सहाही फळ्यांना गोंदाने चिकटवू नका. पावसाळ्यात पाट फक्त रेषांच्या आडव्या दिशेला फुगते, रेषांच्या लांबीला नाही; उभ्या फळ्या मात्र सहाही बाजूंनी रुंदीत फुगतात, आणि मग काहीतरी चिरतं. आतून लाकडी पट्ट्या लावून लांबट भोकांतून स्क्रू द्या.

चौकट असेल तर

आठ बाजूंच्या आरशाला, ६० मिमी रुंद पट्ट्यांना, टोकं २२.५ अंशांत कापायची. टेनन जाडीच्या मधोमध. रुंदीत मात्र तो थोडा आतल्या धारेकडे सरकवा, कारण इथेही खाच बाहेर कलते. टेनन ३० मिमी रुंद आणि प्रत्येक बाजूला २० मिमी खोल घेता येतो. टोकांना आधी पाणी मिसळलेल्या गोंदाचा एक पातळ हात द्या, तो मुरू द्या, मग नेहमीचा गोंद. बाकी कृती तीच, चार-चार पट्ट्यांचे दोन अर्धे करून.

बाजू कललेल्या असतील तर

स्टूल खाली रुंद होत गेला तर प्रत्येक काप दोन दिशांना तिरका होतो: पातीचा कल वेगळा आणि फळी सरकवण्याचा कोन वेगळा. बाजू उभ्या रेषेपासून किती कलली आहे त्यावर दोन्ही ठरतात.

चार बाजू, १० अंश कल: फळीचा कोन ९.८५, पातीचा कल ४४.१४.
चार बाजू, १५ अंश कल: १४.५१ आणि ४३.०८.
सहा बाजू, १० अंश कल: ५.७३ आणि २९.५०.
सहा बाजू, १५ अंश कल: ८.५० आणि २८.८८.

दुसरं काही हवं असेल तर कॅल्क्युलेटर घ्या. १८० ला बाजूंच्या संख्येने भागून आलेला कोन एका बाजूला लिहा. त्याचा टॅन गुणिले कलाचा साइन, हा फळीच्या कोनाचा टॅन. आधी लिहिलेल्या त्याच कोनाचा साइन गुणिले कलाचा कोसाइन, हा पातीच्या कलाचा साइन.

खाचेच्या बाबतीत बदल एवढाच की फेन्सचा कोन नव्या कापाप्रमाणे करायचा. षटकोनाला १० अंश कल असेल तर ६० ऐवजी साडेसाठ. टेनन कापलेल्या कडेला काटकोनात, पहिल्यासारखाच. दोन अर्ध्या भागांची युक्तीही चालते, कारण समोरासमोरचे दोन सांधे अजूनही एकाच उभ्या पातळीत असतात. अवघड जातं ते क्लॅम्प लावणं. ट्यूबचा दाब कललेल्या बाजूंवरून अरुंद टोकाकडे निसटतो. म्हणून फळ्या कापताना उरलेले तिरके तुकडे फेकू नका. ते बाहेरून टेपने लावले की ट्यूबला टेकायला सरळ पायरी मिळते.